विमानाने सकाळी जायचं, रात्री परत यायचं, पण कुठे?

पत्र डोंबिवलीहून आलंय, थोडं छोटं करून देते:

"ताई, नमस्कार. माझे आईबाबा अजून एकदाही विमानात बसलेले नाहीत. आई ६२ ची, बाबा ६७, रिटायर्ड शिक्षक. यंदा त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत म्हणून विमानाने कुठेतरी न्यायचं डोक्यात आहे. पण घरी आजी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे रात्र बाहेर काढता येत नाही. बहीण कळव्याला असते, ती म्हणते एक शनिवार मी पहाटेपासून रात्रीपर्यंत बसते आजीजवळ. म्हणजे सकाळी जायचं आणि रात्री परत. बायको म्हणते गोवा, ऑफिसातले म्हणतात बंगलोर, बाबा म्हणतात विमानानेच जायचं तर दिल्ली, आणि आईला विचारलं तर म्हणते तुम्ही न्याल तिकडे. आम्ही चौघं असू. शहर कुठलं निवडू?"

अरे, अहमदाबाद. तुला नुसतं नाव हवं असेल तर इथेच थांबलास तरी चालेल. पण तुझ्या घरात चार माणसं आणि तीन मतं आहेत, नुसतं "ताईने सांगितलं" म्हणून बाबा दिल्ली सोडतील असं वाटत नाही, तेव्हा जरा हिशोब मांडूनच सांगते.

तुम्ही सगळे शहरं बघताय, मी म्हणते आधी एअरपोर्ट बघ. एका दिवसात जाऊन यायचं असलं की त्या शहरात काय काय आहे याला फारसा अर्थ उरत नाही, विमानातून उतरल्यापासून परत सिक्युरिटीच्या लाइनीत लागेपर्यंत हातात तास किती राहतात ते महत्त्वाचं. कागद घे आणि लिही. विमान किती वेळ उडतं, उतरल्यावर शहरात पोचायला किती वेळ, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये परत यायला किती, आणि सुटायच्या दोन तास आधी एअरपोर्टवर. दोन तास जास्त वाटतील, पण आईबाबा पहिल्यांदाच जातायत, त्यांना धावपळ नको. हे सगळं वजा करून जे उरेल ती तुमची सहल.

आता बंगलोर घे. माझं स्वतःचं झालंय म्हणून सांगते. मामेभावाच्या घराची वास्तुशांत, सकाळी गेले रात्री आले. विमान पावणेदोन तासांचं, ते ठीक, पण एअरपोर्ट देवनहळ्ळीला, शहराच्या पार उत्तरेला, आणि भावाचं घर दक्षिणेला. जाताना दोन तास टॅक्सीत, येताना अडीच, मध्ये सत्यनारायणाचा प्रसाद, दोन पुऱ्या आणि "अगं आताच तर आलीस" एवढं झालं. बंगलोर बघितलं म्हणजे काय तर टॅक्सीवाल्याचं डोकं मागून बघितलं. तुझ्या ऑफिसातले जातात ते कंपनीच्या पैशाने मीटिंगला जातात रे, त्यांचं सोड.

गोवा म्हणशील तर आता तिथे दोन एअरपोर्ट आहेत, दाबोळी आणि मोपा, आणि स्वस्त तिकीट दिसलं म्हणून बुक केलं की ते कुठलं हे नंतर कळतं. मोपा पार वर पेडण्याच्या बाजूला, तिथून पणजीला यायचं म्हणजे तास गेलाच, टॅक्सीचं भाडं ऐकून बाबा तिथेच खाली बसतील. आणि गोव्याची मजा संध्याकाळी सुरू होते, तुम्ही तेव्हा परत एअरपोर्टच्या रस्त्याला. लग्नाला जाऊन अक्षता टाकायच्या आणि जेवणाच्या आधी निघायचं, तसला प्रकार. बायकोला सांग, गोव्याला दोन रात्री तरी हव्यात, ते तुमचं तुम्ही वेगळं करा, तिला ते जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

दिल्लीचं मात्र बाबांना नीट समजवावं लागेल, कारण त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाहीये. दिल्लीत एअरपोर्टवरून मेट्रो आहे, वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशन, ही सोय भारीच. पण विमान दोन तासांच्या वर, म्हणजे जाऊन येऊन साडेचार तास हवेतच. दुसरं म्हणजे तिथलं टर्मिनल ३ एवढं लांबलचक आहे की गेटपासून बाहेर येईपर्यंतच आईचे पाय बोलायला लागतील. आणि फिरायला बरी हवा म्हणजे थंडी, तर डिसेंबर जानेवारीत सकाळी धुकं. धुक्यात विमानं तास न् तास अडकतात, तुमच्याकडे दिवस एकच. बाबा इतिहासाचे मास्तर आहेत का ते तू लिहिलं नाहीस, असले तर लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट यांच्यातलं एक निवड म्हटलं तर त्यांनाच वाईट वाटेल.

हैदराबाद मी थोडा वेळ धरून ठेवलं होतं. चारमिनार, सालारजंग म्युझियम, इराणी चहा, दिवस छान जाईल, पण शमशाबादचा एअरपोर्ट लांब आहे आणि चारमिनारची गर्दी शनिवारी नको वाटते. संभाजीनगर तर आपलंच, वेरूळचं कैलास लेणं बघून आई हात जोडून उभी राहील आणि बाजूलाच घृष्णेश्वर, एका दिवसात ज्योतिर्लिंग पण. पण विमानं मोजकी, सकाळचं जाणारं आणि संध्याकाळचं येणारं दोन्ही तुझ्या शनिवारी जुळलं तरच. शनिवारी वेरूळ उघडं असतं, मंगळवारी बंद, हे पुढे कधी जाशील तेव्हासाठी लक्षात ठेव.

दुसरा नंबर मी इंदूरला देते. विमान सव्वा तासाचं, एअरपोर्ट शहराला लागून, उतरून अर्ध्या तासात राजवाडा, सकाळी पोहे-जिलेबी, अहिल्याबाईंचं गाव, आणि दुकानदार निम्मे मराठीत बोलतात. फक्त दोन मोह आवरायचे. एक सराफा. त्याचे व्हिडिओ बघून लोक जातात, पण सोन्याची दुकानं बंद झाल्यावर रात्री तिथे खाण्याचे ठेले लागतात, तुम्ही तेव्हा घरी. दुसरा उज्जैन. "एवढं आलोय तर महाकाल करून टाकू" असं कोणीतरी म्हणणारच, पंचावन्न किलोमीटर जायचं, शनिवारची रांग, पंचावन्न किलोमीटर यायचं, मग इंदूर गाडीच्या काचेतून.

तर आता अहमदाबाद. विमान सव्वा तासाचं. एअरपोर्ट गावातच म्हणायला हरकत नाही, साबरमती आश्रम तिथून अर्ध्या तासाच्या आत. म्हणजे सातच्या आसपासच्या विमानाने गेलात, सामान काही नसल्यामुळे पट्ट्यापाशी थांबायचं नाही, तर नऊ सव्वानऊला आश्रमात असाल. परतीचं विमान आठच्या सुमाराचं घेतलंस तर सहाला एअरपोर्ट. मधले पावणेनऊ तास तुमचे. बंगलोरमध्ये ते पाच होतात, सुट्टीचा दिवस असेल तर साडेपाच.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, ती म्हणजे परतीचं विमान रद्द झालं तर काय. तुझ्या घरी आजी आहे, बहीण पहाटेपासून बसलेली, "उद्या येतो" म्हणणं तुला परवडणारं नाही. अहमदाबादहून मुंबईला रात्रीच्या गाड्या आहेत, गुजरात मेल आहे, त्यात नाहीच मिळालं तर रात्रभर बसेस आहेत. हाल होतील, पण सकाळपर्यंत घरी असाल. दिल्ली बंगलोरला असं झालं तर हॉटेल शोधा. याच कारणासाठी परतीचं शेवटचं विमान घेऊ नकोस, त्याच्या आधीचं घे. आणि जाण्यायेण्याचं तिकीट एकाच कंपनीचं, एकाच पीएनआरवर काढ. शंभर दोनशे रुपये वाचवायला जाताना एक आणि येताना दुसरी कंपनी केलीस, आणि सकाळचंच विमान रद्द झालं, तर दुसरी कंपनी म्हणणार आमचं विमान तर वेळेवर उडालं, तुम्हीच आला नाहीत.

दिवस कसा घालवायचा ते सांगते, पण माझं सगळं ऐकलंच पाहिजे असं नाही.

आश्रम पहिला, कारण सकाळी शांत असतो. हृदयकुंज म्हणजे गांधीजी आणि कस्तुरबा राहायचे ते घर, साधं कौलारू, ओसरी आपल्या कोकणातल्या घराची आठवण करून देणारी. १२ मार्च १९३० ला इथूनच दांडीला निघाले ते स्वराज्य मिळाल्याशिवाय परत येणार नाही म्हणून, आणि परत राहायला आलेच नाहीत. हे बाबांना माहीतच असणार, पण बाबांना दाखवायचं ते वेगळंच आहे. तिथे एक छोटी खोली आहे, विनोबा-मीरा कुटीर. आधी विनोबा राहायचे, मग मीराबेन, गांधीजींच्या इंग्रज शिष्या. एवढीशी खोली, आपल्या चाळीतल्या खोलीपेक्षा लहान. विनोबा आपल्या रायगडातल्या गागोद्याचे, काका कालेलकर साताऱ्याचे, आश्रमात प्रार्थना आणि भजनं बसवली ती नारायण मोरेश्वर खऱ्यांनी, गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, दांडीच्या तुकडीत ते पण चालले. म्हणजे गुजरातेतला आश्रम म्हणावा तर निम्मी मराठी पंगत बसलेली. बाबांना हे सांगून दिल्ली विसरायला लाव. आश्रमाच्या आवारात नूतनीकरणाचं काम काढलंय, त्यामुळे कुठला भाग उघडा आहे ते आदल्या आठवड्यात विचारून घे.

तिथून जुन्या शहरात. २०१७ ला युनेस्कोने अख्ख्या जुन्या अहमदाबादला जागतिक वारसा ठरवलं, भारतातलं असं पहिलं शहर. पोळ म्हणतात तिथल्या गल्ल्यांना, आपल्या वाड्यांसारखी घरं पण लाकडावर नक्षी बघ कशी, आणि चौकात उंच खांबावर पक्ष्यांना दाणे घालायचा चबुतरा. सकाळी तिथे हेरिटेज वॉक निघतो पण तो लवकर असतो, तुम्हाला गाठता येणार नाही, नाही गाठला तरी चालेल, स्वतःच्या पायाने दोन गल्ल्या फिरा. आई दमली की बसा कुठेतरी.

सिदी सय्यदची जाळी चुकवू नका. लाल दरवाज्यापाशी छोटीशी मशीद, १५७२-७३ ची, आणि भिंतीत दगडाची जाळी, त्यात एका झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा कोणीतरी कागद कातरून चिकटवलाय असंच वाटलं, मग पलीकडून ऊन आलं आणि कळलं की हा अख्खा दगड आहे. रस्त्यावरून पण दिसते, पण आत जाऊन उन्हाच्या विरुद्ध बाजूने बघा. जवळच लकी म्हणून हॉटेल आहे, टेबलांच्या मध्ये खऱ्याखुऱ्या कबरी, हिरव्या रंगवलेल्या, भोवती कठडा, आणि लोक बाजूला बसून मस्का बन खातायत. आईला आवडेल की ती रामराम म्हणेल मला सांगता येत नाही, आधी विचारून ने.

जेवायला गुजराती थाळी, ती कुठेही चांगली मिळते. आई डाळ चाखून म्हणणार गूळ जास्त झालाय, आणि मग दोन वाट्या पिणार. उंधियू हवा तर थंडीतच.

दुपारी उन्हात काय करायचं, तर अडालजची वाव. शहराच्या उत्तरेला, अठरा किलोमीटरवर, १४९९ ची पाच मजले खोल विहीर. जिना हळूहळू उतरत जातो, दर मजल्याला हवा गार होते आणि आवाज कमी. राणी रुडाबाईने बांधून घेतली, तिची कथा तिथला गाईड रंगवून सांगेल, त्यातलं किती खरं ते बाबांना ठरवू दे. आईचे गुडघे ठीक असतील तर खालपर्यंत जा, नसतील तर पहिल्या दोन मजल्यांतच सगळं दिसतं. गाडी दिवसभराची ठरवली असेल तर तिथून थेट एअरपोर्ट, परत गावात शिरायची गरजच नाही. माणेकचौकातलं खाणं मात्र विसर, तेही रात्रीचं.

कधी जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल मेमध्ये तिकडे चाळिशीच्या वर पारा, म्हातारी माणसं नेऊ नकोस. पावसाळ्यात अहमदाबादचं ठीक असेल पण आपल्या मुंबईचं काय, इथे दोन रनवे आहेत ते एकमेकांना छेदतात, म्हणजे एका वेळी एकच चालतो, जोराचा पाऊस लागला की सगळी विमानं रांगेत. आणि उत्तरायणाच्या म्हणजे संक्रांतीच्या आसपास जाऊ नकोस, पतंगासाठी गाव भरतं, तिकिटं महाग.

आता विमानाबद्दल, कारण तुझ्या आईसाठी शहराइतकंच ते पण बघायचंय. पाचचं विमान स्वस्त दिसेल, घेऊ नकोस. अंधारात उडून खाली काहीच दिसणार नाही, आणि पहाटे दोनला उठलेली माणसं अहमदाबादेत पेंगतील. सूर्य वर आल्यावर उडणारं घे. मुंबईहून विमान बहुतेक वेळा समुद्राच्या दिशेने उडतं आणि उत्तरेला जायला उजवीकडे वळतं, तेव्हा उजव्या खिडकीतून वर्सोवा, वसईची खाडी असं खाली दिसतं. म्हणून उजवीकडच्या खिडक्या घे, मागेपुढे दोन ओळींत. एकीत आई आणि तू, दुसरीत बाबा आणि सूनबाई. एकाच ओळीत बसलात तर आई म्हणणार "ह्यांना बसू दे खिडकीत" आणि स्वतः मध्ये अंग चोरून बसणार, हे मी न बघता सांगते. पंखावरची सीट येत नाही ना बघून घे. सीटचे चार पैसे जास्त जातील, जाऊ देत.

तिकीट काढताना आधारवरचं नाव बघून टाईप कर. आमच्या आत्याला सगळे कुसुम म्हणतात, तिकिटावर भाच्याने कुसुम टाकलं, आधारवर माहेरचंच नाव होतं, गेटवरच्या जवानाने दहा मिनिटं उभं केलं. तीच आत्या पुढे सिक्युरिटीत परत अडकली, पानाच्या बटव्यात अडकित्ता. पितळी, तिच्या सासूचा. म्हणाले हा टाकावा लागेल. ती म्हणाली मग मी जात नाही. शेवटी भाचा पळत बाहेर गेला, पार्किंगमधल्या ड्रायव्हरच्या हातात देऊन आला, विमान सुटायला पंचवीस मिनिटं असताना गेट बंद होतं, हे त्याच्या जेमतेम आधी पोचले आणि धापा टाकत शेवटी चढले. तेव्हा आईची पर्स आदल्या रात्री तू स्वतः उघडून बघ. कात्री, अडकित्ता, काड्यापेटी घरी ठेव. थेपले, पोळीभाजी न्या खुशाल, लोणचं नको. बोर्डिंग पास आदल्या दिवशी वेब चेक-इन करून मोबाईलवर, आणि एक प्रिंट काढून आईच्या हातात दे, तिला तो जपून ठेवायचा असणार.

आणखी एक, तिकिटावर एअरपोर्ट कुठला ते दोनदा वाच. आता नवी मुंबईचं पण सुरू झालंय, आणि मुंबईच्या जुन्या एअरपोर्टला जायचं की तिकडे, आणि जुनं असलं तर टर्मिनल १ की २, डोंबिवलीहून निघताना हे माहीत हवं, शिळफाट्यावर पोचल्यावर नाही. पहाटे टॅक्सीच करा, आदल्या रात्री ठरवलेली, सकाळी अॅपवर मिळेल या भरवशावर राहू नका. रात्री येताना मात्र टर्मिनल २ ला उतरलात आणि दहाच्या आत बाहेर आलात तर मेट्रोने मरोळ नाका, तिथून दुसरी मेट्रो घाटकोपर, मग आपली लोकल. पण दमला असाल तर त्या दिवशी पैशाकडे बघू नकोस. आईला जास्त चालवत नसेल तर व्हीलचेअर आधीच दोन दिवस कंपनीला कळवून ठेव, तिला लाज वाटेल, "मी काय आजारी आहे का" म्हणेल, म्हणून तिला न विचारता सांगून ठेव, नको असली तर नाही बसणार.

आणि तुझी बहीण. सगळ्या पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ आहे. ती पहाटे चारला कळव्याहून येणार, अठरा-एकोणीस तास आजीचं करणार आणि तुमचे फोटो व्हॉट्सअॅपवर बघणार. तीन दरवाज्याजवळ ढालगरवाड म्हणून कापडबाजार आहे, जेवायच्या आधी अर्धा तास काढून तिथून तिच्यासाठी एक बांधणी घे. रंग आईला निवडू दे, पैसे तू दे. आजीसाठी मोहनथाळ, मऊ असतो, दात नसले तरी खाता येतो.